पंप कारखान्याचा, भुर्दंड चालकाला

अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार कंपनीने २०२४ साली पाच कोटी डॉलर देण्याचे मान्य करून एक खटला तडजोडीने मिटविला. वादाचा विषय होता इंजिनाला डिझेल पुरविणारा एक पंप. २०११ ते २०१६ या सालांच्या शेवरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या डिझेल पिकअप गाड्यांत तो बसविलेला होता. हा पंप अकाली मोडतो आणि मोडताना इंजिनाची सारी इंधनयंत्रणा निकामी करून जातो, अशी गाडीमालकांची तक्रार होती. कंपनीने अखेरपर्यंत दोष कबूल केला नाही. पैसे मात्र मोजले. तडजोडीचा लाभ पन्नासपैकी सात राज्यांतील खरेदीदारांपुरता ठेवण्यात आला. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, इलिनॉय, आयोवा, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही ती सात राज्ये. उरलेल्या त्रेचाळीस राज्यांतील गाड्यांचे पंप काही निराळ्या लोखंडाचे नव्हते. पण तेथे गाडी घेतलेल्यांना या रकमेवर हक्क सांगता आला नाही.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने या परदेशी पंपाची उठाठेव का करावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. टेक्सासमधील बांधकामाची छोटी कंत्राटे घेणारा कारागीर, आयोवातील गुरे वाहून नेणारा शेतकरी आणि लासलगावहून कांदा भरून निघणारा पिकअपचालक यांच्या राहणीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गाडी वेगळी, रस्ता वेगळा, कर्ज देणारी पेढी वेगळी. तरीही तिघांची एक गोष्ट समान आहे. गाडी ही त्यांची चैन नसून पोट भरण्याचे हत्यार आहे आणि ते बहुधा हप्त्यांवर घेतलेले आहे. हे हत्यार घडविणाऱ्याच्या चुकीने मोडले तर मोडतोडीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तिघांच्याही दारात सारखाच उभा राहतो. अमेरिकेत त्याचे उत्तर कसे दिले गेले, किती वर्षांनी आणि कोणाला दिले गेले, हे पाहिले की महाराष्ट्रात काय करावयास हवे याचाही उलगडा होतो.

पंप मोडतो म्हणजे काय होते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते, आणि त्या हवेत डिझेलचा अत्यंत बारीक फवारा सोडला की ते पेटते. फवारा जितका बारीक, तितके ज्वलन पूर्ण आणि धूर कमी. म्हणून धुरावरील कायदे जसजसे कडक झाले, तसतसा डिझेलवरील दाब वाढवीत नेणे कारखानदारांना भाग पडले. ज्या पंपावरून हा वाद झाला तो जर्मनीच्या बॉश कंपनीचा ‘सीपी ४’ या नावाचा पंप सुमारे २००० बार दाब निर्माण करतो. मोटारीच्या चाकात भरलेल्या हवेच्या दाबाच्या आठशेपटींहून हा दाब अधिक आहे.

याच कंपनीचा आधीचा ‘सीपी ३’ हा पंप तीन दट्ट्यांचा होता. जनरल मोटर्सच्या डिझेल पिकअप गाड्यांत २०१० सालापर्यंत तोच होता आणि दणकट म्हणून त्याचा लौकिक होता. २०११ पासून त्याची जागा दोन दट्ट्यांच्या नव्या पंपाने घेतली. यात फिरणाऱ्या कॅमवर एक रोलर लोळतो आणि दट्ट्याला वर ढकलतो. रोलर सरळ लोळत राहील तोवर सारे ठीक चालते. पण रोलर धरून ठेवणारा भाग आपल्या घरात थोडा जरी आडवा फिरला, तरी रोलर लोळायचा थांबून कॅमवर घासू लागतो. पोलाद पोलादाला खरवडते. त्याचा कीस डिझेलबरोबर वाहत नळ्यांत, नळ्यांतून इंजेक्टरांत आणि परतीच्या मार्गाने थेट टाकीत जातो. मग एक पंप बदलून भागत नाही. पंप, इंजेक्टर, नळ्या सारे काढून नवे घालावे लागते आणि टाकी धुवावी लागते. अमेरिकेत या कामाचे बिल आठ-दहा हजार डॉलर आणि प्रसंगी त्याहूनही अधिक होई.

या पंपाला वेगळे वंगण नसते, ही यातील महत्त्वाची बाब. ज्या डिझेलला तो दाबतो, तेच डिझेल त्याचे वंगण. साहजिकच डिझेल कसे आहे यावर पंपाचे आयुष्य ठरते. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५०० वरून १५ भागांवर आणले गेले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला वंगणाचा गुण देणारी काही द्रव्येही निघून जातात. ती उणीव नंतर वेगळे रसायन मिसळून भरून काढावी लागते. ती कितपत भरून निघाली हे तपासण्यासाठी पोलादाची गोळी डिझेलमध्ये बुडवून पत्र्यावर घासतात आणि झीज मोजतात. युरोपच्या प्रमाणकानुसार झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. अमेरिकेच्या प्रमाणकाने ५२० मायक्रॉनपर्यंत सूट दिली. म्हणजे अमेरिकेच्या पेट्रोल पंपावर कायदेशीरपणे विकले जाणारे डिझेल युरोपातल्याहून कोरडे असू शकते. युरोपच्या इंधनावर बेतलेला पंप अमेरिकेतील इंधनावर टिकणार नाही हे ठाऊक असूनही तो विकला गेला, असा गाडीमालकांच्या दाव्याचा गाभा होता.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. गंधक कमी करण्याचा कायदा चुकीचा होता, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. डिझेलचा धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? हमरस्त्यालगतच्या झोपडपट्टीत राहणाऱ्यांच्या, नाक्यावर भाजी विकणारीच्या, दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या चालकाच्याच. स्वच्छ हवा ही श्रमिकांचीच मागणी आहे. प्रश्न आहे तो बदलाची किंमत कोणाच्या खिशातून वसूल झाली याचा. कायदा बदलला, इंधन बदलले, पंप बदलला. या प्रत्येक बदलाचा हिशेब तेल कंपन्यांनी आणि मोटार कंपन्यांनी आपल्या सोयीने मांडला. त्या हिशेबात जी तूट राहिली ती रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीच्या मालकाच्या नावावर टाकली गेली.

‘तुमचे डिझेलच खराब’

पंप मोडल्यावर गाडी अधिकृत कार्यशाळेत जाई. जनरल मोटर्सने या इंजिनांना पाच वर्षे अथवा एक लाख मैल यांपैकी जे आधी संपेल तोवरची हमी दिलेली होती. परंतु हमीपत्रांत एक वाक्य असतेच: अशुद्ध इंधनामुळे झालेला बिघाड हमीत बसणार नाही. कार्यशाळेचा माणूस टाकीतील डिझेल बघे आणि त्यात पाणी आहे, गंज आहे, पेट्रोलचा अंश आहे असे सांगे. तेथेच हमी संपे. डिझेलमध्ये पाणी नव्हते हे सिद्ध करावयाचे कोणी? ज्याच्याजवळ ना प्रयोगशाळा, ना पंपाचा नकाशा, ना इतर गाड्यांच्या बिघाडांची नोंद, त्या गाडीमालकाने. ज्या कंपनीच्या कपाटात मोडक्या पंपांच्या तपासणीचे अहवाल असतात, तिने काहीच सिद्ध करावयाचे नाही.

पंप मोडला की त्याचा कीस टाकीत उतरलेला असतो आणि कारण व परिणाम यांची तेथे सरमिसळ झालेली असते. अशा टाकीतील डिझेल पाहून बिघाडाचे मूळ ठरविणे तज्ज्ञालाही अवघड आहे. पण हमी नाकारण्यासाठी तेवढे पाहणे पुरेसे ठरत होते. बाजारही गप्प राहिला नाही. पंप मोडला तर निदान कीस इंजेक्टरांत न जाता परस्पर टाकीकडे जावा, अशी जोडणी तयार करून ती विकण्याचा धंदा तेथे उभा राहिला. नव्या गाडीच्या मालकांनी ती स्वतःच्या पैशाने घेऊन बसविली. दोष कारखान्याचा, आणि त्यापासून बचावाचे साहित्यही चालकानेच विकत घ्यावयाचे, असा हा न्याय!

चालकाची काहीच चूक नसते असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. गाळणी वेळेवर न बदलणे, स्वस्त मिळते म्हणून वाटेल तेथून डिझेल भरणे, पेट्रोलची नळी चुकून डिझेलच्या टाकीत लावणे हे अमेरिकेत घडते तसे इकडेही घडते. काही पंप खरोखर याच कारणांनी गेले असतील. पण म्हणूनच प्रत्येक बिघाडाची निःपक्ष तपासणी हवी. ती करण्याची ऐपत ज्याची आहे, पुराव्याचा भारही त्याच्यावर असला पाहिजे.

पन्नास वर्षांचा धडा

या प्रकाराला पहिलेपणाचा मान नाही. जनरल मोटर्सने १९७८ साली ५.७ लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले आणि काही काळ पिकअप गाड्यांतही बसविले. इंधनातील पाणी वेगळे करणारी व्यवस्था त्यात दिलेली नव्हती. इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर खराब होऊ लागले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९८० साली कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. त्या तक्रारीत काही गाड्यांचे गिअर-बॉक्स आणि कॅमशाफ्ट यांच्या जोडीला हे डिझेल इंजेक्शन पंपही होते. ग्राहकांपासून दोष लपविला, हा आरोप होता. १९८३ साली तडजोड झाली. सर्वांना सरसकट भरपाई देण्याऐवजी प्रत्येक ग्राहकाने आपापली तक्रार घेऊन लवादापुढे जावे आणि लवाद देईल ते घ्यावे, असे ठरले.

वरवर पाहता ही व्यवस्था न्याय्य वाटते. परंतु तिच्यामुळे हजारो गाड्यांतला एकच दोष हजारो सुट्या भांडणांत वाटला गेला. ज्याला पत्र लिहिता येते, ज्याला कामाचा दिवस बुडवून सुनावणीला जाता येते, ज्याने पावत्या जपून ठेवल्या, तो काही मिळवतो. बाकीचे गप्प बसतात. कंपनीचा फायदा या गप्प बसणाऱ्यांच्या संख्येत असतो.

पुढल्या दशकात त्याच कंपनीच्या ६.५ लिटरच्या डिझेल पिकअप गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पंप आला. पंपावरच बसविलेला विजेचा भाग इंजिनाच्या उष्णतेने निकामी होई आणि गाडी कोठेही बंद पडे. तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीला या पंपाची हमी अकरा वर्षे अथवा एक लाख वीस हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली. डॉजच्या पिकअप गाड्यांत १९९८ ते २००२ या काळात ‘व्हीपी ४४’ पंप होता. टाकीकडून डिझेल ढकलणारा छोटा साहाय्यक पंप आधी दुबळा होई. मग पुरेशा डिझेलअभावी मुख्य पंप कोरडा पडून जळे. पंप बदलले, सुट्या भागांची नावे बदलली. पण मालकाला प्रथम दिले गेलेले उत्तर बहुधा ठरलेलेच असे. हे तुमच्या एकट्याच्याच गाडीत घडले आहे, असे त्याला सांगितले जाई.

हे उत्तर खोटे पडते ते तक्रारी एकत्र मोजल्या गेल्यावरच. याचा स्वच्छ पुरावा २०२१ साली मिळाला. ‘रॅम’ या पिकअप गाड्यांत २०१९ साली जुना पंप काढून ‘सीपी ४’ बसविण्यात आला होता. गाड्या धावता धावता बंद पडू लागल्या. मालकांनी आपल्या तक्रारी सरकारच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे नोंदविल्या. प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये चौकशी सुरू केली, तेव्हा त्याच्या हाती अशा अवघ्या दोन डझनांच्या आसपास तक्रारी होत्या. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे २ लाख २२ हजार गाड्या परत बोलावून पंप फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या नव्या गाड्यांत तिने पुन्हा जुना ‘सीपी ३’ बसविण्यास सुरुवात केली होती. एकाच घराण्याचा पंप. रॅमच्या मालकांना दोन-तीन वर्षांत तो बदलून मिळाला, तर जनरल मोटर्सच्या मालकांना तेरा वर्षांनी, तेही सात राज्यांत, पैशांचा काही भाग मिळाला.

हा फरक कशाने पडला? रॅमच्या बाबतीत तक्रार ‘धावती गाडी बंद पडून अपघात होईल’ या स्वरूपात सरकारी दप्तरात गेली. अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने सुरक्षेला बाधक दोष असलेल्या गाड्या परत बोलावणे कंपनीला बंधनकारक केलेले आहे. कायद्याची ही चौकट मोलाची आहे. पण तिला एक मर्यादा आहे. दोष माणसाला मारील तर तो दोष ठरतो. माणसाचे पोट मारणारा दोष मात्र त्याचे खासगी दुर्दैव ठरते आणि त्याने वकील करून वर्षानुवर्षे न्यायालयात बसावयाचे असते.

महाराष्ट्रातील पिकअपवाला

आता महाराष्ट्राकडे वळावे. शेतातील भाजीपाला बाजार समितीत, द्राक्षे शीतगृहात, दूध संकलन केंद्रात आणि सिमेंट-सळई बांधकामावर नेण्याचे काम आज मुख्यतः छोट्या पिकअप गाड्या करतात. त्यांतील पुष्कळ गाड्यांचा मालक आणि चालक एकच असतो. जमिनीच्या तुकड्यावर भागत नाही म्हणून घरातील दागिने मोडून पहिला भरणा केलेला, बाकी रक्कम वित्त कंपनीची. गाडी आठ दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. तीन हप्ते थकले की वसुलीची माणसे गाडी ओढून नेतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आले. हवेसाठी हे योग्यच झाले. त्याबरोबर उच्च दाबाचे पंप, संगणकाने चालणारे इंजेक्टर आणि धुराच्या गाळण्या छोट्या गाड्यांतही आल्या. जुन्या यांत्रिक पंपाची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होत असे. पंप-नोझलचे काम करणारा मिस्त्री पंप खोलून, झिजलेला भाग बदलून, चाचणीच्या मेजावर लावून परत देई. नव्या यंत्रणेत इंजेक्टर बदलला तर त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो आणि त्याचे साधन बहुधा अधिकृत कार्यशाळेतच असते. साहजिकच दुरुस्तीऐवजी अख्खा भाग बदलण्याकडे कल वाढला आहे. मिस्त्रीचे कौशल्य निरुपयोगी ठरते आणि मालकाचे बिल फुगते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारगाड्यांचाही समावेश केला. या हक्काला कायद्याचे दात आल्याखेरीज त्याचा उपयोग तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचणार नाही.

डिझेलच्या शुद्धतेचा प्रश्न तर महाराष्ट्राला रक्ताने ठाऊक आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनातील भेसळ पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. रॉकेल मिसळलेले डिझेल पंपाला वंगण देत नाही. ते ओळखणे सरकारी अधिकाऱ्यालाही प्राण पणाला लावून करावे लागले, तेथे पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या चालकाने नळीतून येणारे डिझेल शुद्ध आहे की नाही हे कसे ओळखावे? आणि ओळखता आले नाही म्हणून त्याची हमी रद्द करणे हा कोठला न्याय? इंधनाची शुद्धता ही तेल कंपनीची आणि सरकारची जबाबदारी आहे. तिच्या अपयशाचा दंड ग्राहकाला करता येणार नाही.

या वादात कामगारांनाही ओढण्याचा प्रयत्न होतो. माल खराब निघाला की ‘कामगारांनी नीट काम केले नाही’ ही हाकाटी नेहमीची आहे. नाशिकच्या सातपूर वसाहतीत इंजेक्टर आणि नोझल घडविणाऱ्या बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या, कामगारांना मायक्रॉन म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. अमेरिकेतील त्या पंपांशी नाशिकचा संबंध जोडण्याचेही कारण नाही. परंतु दट्टे तीन असावेत की दोन, रोलरला आडवे फिरू न देणारी खाच असावी की नसावी, हे निर्णय यंत्रावर उभा असलेला कामगार घेत नाही, कोठल्याच देशात घेत नाही. हे निर्णय जेथे होतात तेथे खर्चाचा हिशेब मांडलेला असतो आणि त्या टेबलाशी ना कामगार बसलेला असतो, ना चालक.

कायदा आहे, मोजणी नाही

भारतात कायदा अगदीच नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यांत येतात आणि कसूर करणाऱ्या कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दोष पर्यावरणाला अथवा चालक, प्रवासी व रस्त्यावरील इतरांना अपायकारक असला पाहिजे, आणि तक्रारींनी ठरावीक प्रमाण गाठले पाहिजे. म्हणजे अमेरिकन कायद्याची मर्यादा इकडेही आहेच. शिवाय तक्रारी नोंदविल्याच गेल्या नाहीत तर कलम कागदावर राहते.

दुसरा मार्ग ग्राहक कायद्याचा. ‘गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असे सांगून चालकाला तेथून हुसकावण्याचा प्रयत्न कंपन्यांचे वकील नेहमी करतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक अथवा रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला हे संरक्षण दिले आहे. त्याच कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला किंवा काहींना, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करता येते. हे हत्यार पिकअप अड्ड्यावर किती जणांना ठाऊक आहे?

अमेरिकेच्या अनुभवातून चार मागण्या निघतात. पहिली, हमीच्या काळात पंप अथवा इंजेक्टर मोडला तर दोष कारखान्याचा असे गृहीत धरावे आणि इंधन खराब होते हे कंपनीने, मालकासमक्ष मोहोरबंद केलेल्या नमुन्याच्या निःपक्ष तपासणीने, सिद्ध करावे. तपासणीचा खर्च मालकावर पडू नये. दुसरी, कोणत्या गाडीच्या कोणत्या भागाबद्दल किती तक्रारी आल्या याची आकडेवारी सरकारने ठरावीक मुदतीने प्रसिद्ध करावी, आणि गाडी परत बोलावण्याच्या तरतुदीत उपजीविका बुडविणाऱ्या दोषांचाही समावेश करावा. तिसरी, दुरुस्तीची माहिती, साधने आणि सुटे भाग स्वतंत्र मिस्त्रींना वाजवी किमतीत मिळालेच पाहिजेत. चौथी, हमीचा वाद चालू असताना गाडी कार्यशाळेत पडून असेल तर तेवढ्या काळाचे हप्ते पुढे ढकलावेत आणि गाडी ओढून नेण्यास मनाई असावी.

या मागण्या सरकार आपणहून मान्य करील या भ्रमात राहण्याचे कारण नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७५ च्या सुमारास उभ्या राहिल्या आणि घरोघरच्या वाणसामानाच्या प्रश्नावर त्यांनी माणसे एकत्र आणली. स्वयंपाकघराच्या बाबतीत जे घडले, ते श्रमाच्या हत्याराच्या बाबतीत अजून घडावयाचे आहे. पिकअपवाला हा मालक म्हणून कामगार संघटनेत बसत नाही आणि श्रमिक म्हणून व्यापारी संघटनेत बसत नाही. दोन्हीकडून बाहेर राहिलेला हा माणूस गॅरेजच्या दारात एकटाच उभा असतो.

तेथे त्याच्याजवळ जाऊन उभे राहणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. प्रत्येक तालुक्याच्या पिकअप अड्ड्यावर एक साधी वही ठेवता येईल: गाडीचे नाव व साल, किती किलोमीटरला कोणता भाग गेला, डिझेल कोठे भरले, कार्यशाळेने काय कारण दिले, बिल किती झाले. डिझेलच्या पावत्या जपून ठेवण्यास आणि हमी नाकारल्याचे कारण लेखी मागण्यास चालकांना सांगता येईल. दहा तालुक्यांच्या दहा वह्या एकत्र केल्या की कोणता भाग कोठे मोडतो हे आपोआप दिसू लागेल, आणि सरकारच्या दप्तरात तसेच ग्राहक आयोगापुढे सामुदायिक तक्रार नेता येईल. हे काम मोर्च्यासारखे डोळ्यांत भरणारे नाही. पण अमेरिकेत दोन लाखांवर गाड्यांचे पंप बदलून मिळाले त्याची सुरुवात सरकारी दप्तरातील दोन डझन नोंदींनी झाली, हे विसरता कामा नये.

२०२४ सालच्या त्या पाच कोटी डॉलरांतून ज्यांना भरपाई मिळाली, त्यांनी ती जरूर घ्यावी. ती त्यांच्या हक्काची आहे. परंतु पंप मोडला त्या वर्षीच ज्याने मिळेल त्या किमतीला गाडी फुंकून टाकली, काम सोडले आणि दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून नोकरी धरली, त्याचे गेलेले दिवस कोठल्याच तडजोडीत मोजलेले नाहीत. महाराष्ट्रातील पिकअपवाल्यावर तशी पाळी येण्यापूर्वी ती वही अड्ड्यावर पोहोचली पाहिजे.